आवर्ती काम (कामांच्या यादीच्या अ‍ॅपमधील)

कामांची यादी ठेवणाऱ्या अ‍ॅपमध्ये जे काम एकदा झाल्यावर कायमचे न जाता ठरावीक अंतराने पुन्हा समोर येते, त्याला आवर्ती काम म्हणतात. घरभाडे भरणे, पाण्याची टाकी धुऊन घेणे, निवृत्तिवेतनधारकाने दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देणे ही त्याची नेहमीची उदाहरणे होत. साध्या कामापुढे बरोबरची खूण केली की ते संपते. आवर्ती कामापुढील खुणेने फक्त एक फेरी संपते. त्यामुळे पुढची फेरी कोणत्या दिवसापासून मोजायची, चुकलेल्या फेरीचे काय करायचे आणि झालेल्या फेऱ्यांची नोंद कुठे ठेवायची, हे अ‍ॅप रचणाऱ्याला आधीच ठरवावे लागते.

यांतला पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण कामे मुळातच दोन प्रकारची असतात. कर्जाचा हप्ता दरमहा ५ तारखेला द्यायचा असेल, तर मागचा हप्ता ३ तारखेला भरला की ९ तारखेला, याने पुढच्या तारखेत फरक पडत नाही. पंख्याची पाती मात्र दोन महिन्यांनी पुसायची ठरवली आणि ते काम तीन आठवडे रखडले, तर पुढचे दोन महिने प्रत्यक्ष पुसल्याच्या दिवसापासून मोजणेच शहाणपणाचे. ‘रिमेंबर द मिल्क’ या अ‍ॅपमध्ये पहिल्या प्रकारासाठी ‘एव्हरी’ आणि दुसऱ्यासाठी ‘आफ्टर’ हा शब्द वापरतात. ‘टूडूइस्ट’मध्ये ‘एव्हरी’ला उद्गारचिन्ह जोडले की मोजणी काम पूर्ण झाल्याच्या दिवसापासून सुरू होते. कार्स्टन डॉमिनिक यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या ‘ऑर्ग-मोड’मध्ये (‘ईमॅक्स’ या मजकूर-संपादकातील नोंदी व कामे ठेवण्याच्या सोयीत) या दोहोंच्या मधली वाटही आहे. तेथे ‘+’ या खुणेने तारीख नेमकी एक टप्पा पुढे सरकते, ‘.+’ने ती आजपासून मोजली जाते, आणि ‘++’ने मूळ वार तसाच राखून भविष्यातली तारीख मिळेपर्यंत टप्पे ओलांडले जातात. शनिवारचे काम दोन शनिवार राहून गेले आणि अखेर बुधवारी उरकले, तरी ‘++’मुळे ते पुन्हा येत्या शनिवारीच दिसते. घरकामाला बहुधा हीच रीत सर्वांत सोयीची ठरते.

चुकलेल्या फेऱ्यांनाही एकच नियम लावता येत नाही. भाडे दोन महिने थकले तर दोन नोंदी दिसायला हव्यात, कारण दोन्ही महिन्यांचे पैसे द्यायचेच असतात. कुंड्यांना दोन दिवस पाणी घातले नाही म्हणून तिसऱ्या दिवशी तीनदा घालायचे नसते.

नोंद ठेवण्याच्या दोन रचना रूढ आहेत. पहिल्या रचनेत यादीत एकच ओळ असते आणि खूण केली की तिची तारीख पुढे सरकते. ही रचना सुटसुटीत असली तरी वेगळी रोजनिशी न ठेवल्यास ‘टाकी मागे कधी धुतली होती?’ या साध्या प्रश्नाचे उत्तर तिच्यात सापडत नाही. दुसऱ्या रचनेत मूळ काम हा एक अदृश्य साचा असतो आणि प्रत्येक फेरीसाठी त्यापासून स्वतंत्र नोंद तयार होते. ‘टास्कवॉरियर’मध्ये असे आहे, प्रत्येक नोंद पूर्ण झाली, बाकी आहे की काढून टाकली, हे तिथे साच्याजवळ एकेका चिन्हाने लिहून ठेवले जाते. ‘ऑर्ग-मोड’ पहिल्या रचनेचा असला तरी प्रत्येक खुणेची तारीख-वेळ त्याच नोंदीखाली लिहून ठेवण्याची सोय त्यात आहे.

सवयी नोंदवणारी अ‍ॅपे ही याच कल्पनेची शाखा होय. त्यांपैकी बरीच अ‍ॅपे सलग किती दिवस काम झाले याची साखळी दाखवतात आणि एक दिवस चुकताच आकडा शून्यावर आणतात. ही शिक्षा जरा जास्तच वाटते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली व सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला लागणाऱ्या दिवसांचा मध्यक ६६ निघाला, व्यक्तीगणिक हा काळ १८ ते २५४ दिवस इतका बदलत होता, आणि एखादी संधी हुकल्याने सवय घडण्यावर विशेष परिणाम झालेला दिसला नाही. ‘लूप हॅबिट ट्रॅकर’ साखळीबरोबरच सवयीची ताकद काढतो. ती काढताना अलीकडच्या दिवसांना अधिक वजन देत असला, तरी दीर्घ सातत्यानंतरच्या एका खाड्याने आकडा थोडासाच खाली येतो.

अंतर कसे सांगायचे, यात भाषेचाही अडथळा येतो. मराठीत ‘आठ दिवसांनी’ म्हणजे सात दिवसांनी, ‘पंधरा दिवसांनी’ म्हणजे बहुधा चौदा दिवसांनी, आणि ‘दिवसाआड’ म्हणजे दर दोन दिवसांनी. अंतराच्या रकान्यात ८ हा आकडा भरणाऱ्याचा वार दर फेरीला एकाने पुढे सरकत जातो. दिवसाआड येणारे नळाचे पाणी भरण्याची आठवण युनिक्स संगणकप्रणालीच्या ‘क्रॉन’मध्ये (ठरल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या सोयीत) महिन्याच्या तारखांना दोनची पायरी देऊन, म्हणजे १, ३, ५ अशा तारखांना, लावली, तर ती ३१ तारखेला वाजून लगेच १ तारखेलाही वाजते, कारण क्रॉनची मोजणी दर महिन्याला नव्याने सुरू होते.

दिनदर्शिकांसाठीचे ‘आयकॅलेंडर’ हे मानक १९९८ मध्ये आरएफसी २४४५ म्हणून आले (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांचे क्रमांकित दस्तऐवज) आणि २००९ मध्ये आरएफसी ५५४५ने त्याची जागा घेतली. त्यात वारंवारता, अंतर, वार, तारीख आणि शेवट यांचा मेळ घालून नियम लिहितात. भारतातील बँकांची २०१५ पासूनची दुसऱ्या व चौथ्या शनिवारची सुट्टी त्यात एका ओळीत मावते. दरमहा ३१ तारीख मागितली तर नियम केवळ सात महिन्यांतच लागू पडतो, बाकीचे महिने गाळले जातात. त्याऐवजी ‘महिन्याचा शेवटचा दिवस’ मागणे योग्य. काम पूर्ण झाल्यापासून मोजण्याची तरतूद मात्र या नियमांत नाही, त्यामुळे तो भाग प्रत्येक अ‍ॅप आपापल्या परीने सांभाळते.

वार आणि तारीख यांच्या पलीकडची तिथी या चौकटीत सहजी बसत नाही. २०१५ च्या आरएफसी ७५२९ने चिनी, हिब्रू यांसारख्या दिनदर्शिकांवरून पुनरावृत्ती सांगण्याची सोय केली. परंतु अशा दिनदर्शिकांच्या यादीत ‘भारतीय’ या नावाची जी आहे, ती २२ मार्च १९५७ पासून सरकारने स्वीकारलेली शक दिनदर्शिका होय, आणि ती सौर आहे. संकष्टीचे अंतर कधी २९ तर कधी ३० दिवसांचे असते, २०२३ मधील अधिक श्रावणासारखा महिना आला की वार्षिक सणांच्या तारखा पुढे जातात, आणि संकष्टी स्थानिक चंद्रोदयावर ठरत असल्याने पुण्याची व न्यू जर्सीची तारीखही कधीकधी वेगळी येते. अशा उपवासांची आठवण हवी असणाऱ्याला आपल्या गावाच्या पंचांगातून वर्षभराच्या तारखा काढून त्या सुट्या कामांप्रमाणे एकेक भरणे हाच खात्रीचा मार्ग उरतो.