रायफल बिघडली, की मोजमाप?

नॉर्वेत मूस, रेनडियर अशा मोठ्या जनावरांच्या शिकारीला निघायचं तर दरवर्षी नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते. शंभर मीटरवर रेनडियरची आकृती, तिच्यावर ३० सेंटिमीटरचं वर्तुळ आणि पाच गोळ्या. पाचही वर्तुळात पडल्या तर पास. वर्तुळ चांगलं ताटाएवढं आहे, धड रायफलला ते जड नाही. तरीही हंगामाच्या तोंडावर कुणी ना कुणी कपाळाला आठ्या घालून कागदासमोर उभा असतोच. मागच्या वर्षी हीच रायफल तीन गोळ्या लिंबाएवढ्या जागेत टाकत होती, यंदा त्या वाटीभर पसरल्यात. बिघडलं काय?

माझा पहिला संशय रायफलवर नाही, त्या ‘तीन’ आकड्यावर आहे. शिकारीची रायफल खांद्यावरून वाहायची असते, म्हणून तिची नळी बारीक ठेवतात आणि ती लवकर तापते. काडतुसंही महाग. त्यामुळे तीन बार काढायचे, या भोकांच्या पुंजक्यातल्या, म्हणजे ‘ग्रुप’मधल्या, सगळ्यांत लांबच्या दोन भोकांमधलं अंतर मोजायचं आणि निकाल लावून मोकळं व्हायचं, ही जुनी सवय. पण गोळ्या विखुरण्यात योगायोगाचा वाटा मोठा असतो. तीन गोळ्यांचा ग्रुप सरासरी ३ सेंटिमीटरचा देणारी रायफल, काहीही न बदलता, एकदा २ चा देते आणि पुढच्या खेपेला ४ चा. दहा गोळ्या झाडल्या तर ग्रुप सरासरी दीडपटीहून थोडा मोठाच भरतो, रायफल तीच असली तरी. लोक २ सेंटिमीटरचा कागद पाकिटात जपतात आणि ४ चा चुरगळून टाकतात. मग वर्षभराने रायफल ‘बिघडते’. तेव्हा आधी नळी गार होऊ देत दहा गोळ्या झाडाव्यात आणि त्या ग्रुपवर बोलावं.

तो खरोखरच मोठा निघाला, तर पेचकस हातात घ्यायचा. रायफलवरच्या नेमाच्या दुर्बिणीला धरणाऱ्या दोन कड्यांमध्ये साधारण १० सेंटिमीटर अंतर असतं. लक्ष्य शंभर मीटरवर, म्हणजे या अंतराच्या हजारपट लांब. एक कडं ०.०३ मिलिमीटर हललं, केसाच्या जाडीपेक्षाही कमी, तर कागदावर नेम ३ सेंटिमीटर सरकतो. ढिल्या स्क्रूची तक्रार मला म्हणूनच क्षुल्लक वाटत नाही.

दस्त्याला, म्हणजे खांद्याला टेकवायच्या लाकडी किंवा प्लास्टिकच्या भागाला, रायफलचा लोखंडी भाग जोडणारे स्क्रूही तितकेच महत्त्वाचे. गोळी नळीतून बाहेर पडायला मिलिसेकंदभर, फार तर थोडा अधिक वेळ लागतो. पण तेवढ्यातच रायफल मागे सरकू लागलेली असते. १० ग्रॅमची गोळी आणि साडेतीन किलोची रायफल धरून संवेगाचा हिशेब केला, तर गोळी नळीच्या तोंडाशी पोचेपर्यंत रायफल सुमारे २ मिलिमीटर मागे आलेली असते. हे मागे येणं दर बाराला अगदी सारखं झालं तर काहीच बिघडत नाही. लोखंड दस्त्यात डुगडुगत असेल, तर ते दर वेळी वेगळं होतं.

दस्ता लाकडी असेल तर पावसाळी हवेत तो ओलावा पितो, फुगतो आणि कुठेतरी नळीला टेकतो. नळी बार होताना छेडलेल्या तारेसारखी थरथरते; तिला एका बाजूने टेकू मिळाला की थरथर बदलते. तापल्यावर तर गोळ्या एकाच दिशेला सरकत जातात. तपासणी सोपी आहे: नळी आणि दस्ता यांच्या फटीतून एक नोट सरकवत न्यायची. अडकली तर टेकू सापडला. मात्र लगेच पॉलिश पेपर काढू नये, काही रायफलींमध्ये टोकाशी हा दाब मुद्दाम ठेवलेला असतो.

नळीच्या आत गोळीच्या आवरणाचं तांबं साचतं. अमोनियाचा द्राव लावलेली चिंधी आतून फिरवली आणि ती गडद निळी झाली, तर तांबं आहे. शाळेतल्या प्रयोगशाळेत मोरचुदाच्या द्रावणात अमोनिया घातल्यावर दिसतो तोच निळा. अति उत्साही सफाईचा धोका वेगळा. सळई नळीच्या तोंडाला घासून तिथली कड एका बाजूने झिजते. फ्रँकलिन मॅन या अमेरिकन डॉक्टरने अनेक वर्षं मुद्दाम खराब केलेल्या गोळ्या झाडून पाहिल्या आणि १९०९ मध्ये निष्कर्ष छापले: गोळीचं नाक चेपलं तरी फारसा फरक पडत नाही, पण बूड बिघडलं की नेम गेला. बूड सगळ्यांत शेवटी बाहेर पडतं. त्या क्षणी वायू एका बाजूने आधी सुटला, तर तो गोळीला कडेने ढोसतो. तोंडाची कड झिजली तरी हेच होतं.

काडतूस बदलून पाहणं हा सगळ्यांत सोपा उपाय. सेकंदाला १० मीटरने वेग कमी-जास्त झाला तरी शंभर मीटरवर गोळी जेमतेम २ मिलिमीटर वरखाली होते, त्यामुळे वेगावर डोकं फोडू नये. गोळीची लांबी आणि नळीतल्या आट्यांचा, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचांचा, पीळ जुळतो का, ते बघावं. लांब गोळीला घट्ट पीळ लागतो, म्हणजे कमी लांबीत पूर्ण फेरा. अमेरिकेच्या सुरुवातीच्या एआर-१५ रायफलमध्ये १४ इंचांत एक फेरा होता. कडाक्याच्या थंडीत, दाट हवेत गोळ्या डगमगू लागल्या, तेव्हा तो १२ इंचांवर आणला गेला. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार जवळजवळ संपली, पण कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसमध्ये कांस्यपदक मिळवलं त्या रायफल नेमबाजीतही रायफल शिकंज्यात धरून एकेका लॉटची, म्हणजे एका खेपेत बनलेली, काडतुसं तपासून घेतात.

आणि माणूस? मित्राला सांगावं, काडतुसांमध्ये गुपचूप एक पोकळ, बिनदारूचं घाल. चाप ओढल्यावर बार न होताही नळी खाली झुकली, तर दणक्याच्या भीतीने खांदा आधीच आक्रसतोय.

शेवटी, मूस काही दहा गोळ्या होईपर्यंत उभा राहत नाही. म्हणून काही जुने शिकारी एकच कागद जपून ठेवतात आणि नेमबाजीच्या रेंजवर गेले की दर खेपेला थंड नळीतून त्यावर एकच गोळी झाडतात. अशा दहा खेपांनंतर त्या कागदावर दहा भोकं असतात.