‘पिकअप वाढवणारा पंखा’ बसवण्याआधी: आमच्या ग्राहकांसाठी

हवेच्या पाइपात बसणारा पात्यांचा पंखा, हवा दाबून इंजिनात ढकलायला बॅटरीवर चालणारा ‘इलेक्ट्रिक टर्बो’, बोनेटखाली उघडा राहणारा शंकूच्या आकाराचा फिल्टर. इंजिनाला जास्त हवा मिळून ताकद दहा टक्के वाढते, अ‍ॅव्हरेजही वाढतं, असा यांचा दावा असतो. यांपैकी काहीतरी घेऊन बरेच ग्राहक आमच्या गॅरेजला येतात आणि ‘एवढं बसवून द्या’ म्हणतात. आम्ही नाही म्हणत नाही, पण आधी मोजतो. मोजतो कसं, ते तुम्हाला माहीत असावं म्हणून हे पत्रक.

इंजिनाला हवा कमी पडते आहे का?

सगळ्यात आधी हे बघायला हवं. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून तिच्यात अर्ध्यापर्यंत पाणी भरायचं. एक टोक एअर फिल्टरनंतरच्या, म्हणजे इंजिनाकडच्या पाइपाला जोडायचं, दुसरं उघडं ठेवायचं. नळी चांगली उंच हवी, नाहीतर पाणी इंजिनात ओढलं जाईल. म्हणून हे घरी करू नका. रिकाम्या रस्त्यावर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की नळीतलं पाणी एका बाजूला चढतं. दोन्ही बाजूंच्या पातळीत जेवढा फरक, तेवढा फिल्टरचा आणि त्याच्या आधीच्या पाइपाचा अडथळा.

आता हिशेब बघा. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे. इथला हवेचा दाब जवळपास १००० सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा असतो. म्हणजे नळीत १० सेंटिमीटर फरक दिसला तर अडथळा एक टक्क्याचा. फिल्टर काढून फेकला तरी ताकद वाढून वाढणार ती एक टक्क्याच्या आसपास. मग त्याच जागी बसणारा दुसरा फिल्टर दहा टक्के कुठून आणणार? आणि फरक खूपच जास्त आला, तर बहुतेक वेळा आतला फिल्टर धुळीने भरलेला असतो. तो बदलला की काम झालं.

पात्यांचा पंखा हवेला भोवरा देतो, असं सांगतात. तो भोवरा पुढे थ्रॉटलच्या, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरने उघडणाऱ्या, झडपेवर आणि व्हॉल्व्हपाशी मोडतो. पाती मात्र वाटेत उभी राहतात, म्हणजे अडथळ्यात भरच.

‘इलेक्ट्रिक टर्बो’चं गणित आणखी सरळ आहे. १.२ लिटरचं इंजिन ६००० आरपीएमला मिनिटाला साधारण ३६०० लिटर हवा ओढतं. एवढी हवा ०.३ बारने, म्हणजे बाहेरच्या दाबापेक्षा साधारण तीस टक्के जास्त, दाबायला किमान दीड किलोवॅट लागतात, म्हणजे १२ व्होल्टवर सव्वाशे अँपिअर. दोन बारीक वायरींवर चालणाऱ्या पंख्याला ते जमणारं नाही.

ऊन फसवतं

ही चूक आम्ही स्वतः केली आहे. एका गाडीची चाचणी जुन्या फिल्टरवर दुपारी घेतली, नवा बसवून दुसऱ्या दिवशी पहाटे घेतली, आणि पिकअप वाढल्याचं ग्राहकाला सांगून मोकळे झालो. नंतर जुना फिल्टर पहाटे तपासला, तर गाडी नव्या फिल्टरइतकीच पळाली. मे महिन्यात पहाटे ३० आणि दुपारी ४५ अंश असेल, तर दुपारची हवा जवळपास पाच टक्के विरळ असते. तेवढी ताकद नुसत्या उन्हानेच जाते.

उघड्या शंकू फिल्टरबद्दल आमची तक्रार हीच आहे. तो बोनेटखालची तापलेली हवा ओढतो. बाहेर ४५ आणि बोनेटखाली ७० अंश धरले, तर हवा सात टक्क्यांहून जास्त विरळ होते. आवाज मोठा येतो, म्हणून गाडी जोरात पळते असं वाटतं. कंपनीचा पाइप बाहेरची हवा आणतो, तो उगाच दिलेला नाही.

म्हणून आता आम्ही चाचणी एकाच पहाटे, तीन टप्प्यांत घेतो: आधी वस्तू न लावता, मग लावून, मग पुन्हा काढून. तिसऱ्या गिअरमध्ये ४० ते ८० किलोमीटर वेगाला किती सेकंद लागतात ते, रस्त्याच्या दोन्ही दिशांना, प्रत्येकी तीनदा. टायरमधली हवा तीच, एसी बंद. गाडीच्या कॉम्प्युटरला जोडलेल्या स्कॅनरवर आत येणाऱ्या हवेचं तापमानही लिहून ठेवतो. पहिला आणि तिसरा टप्पा जुळला नाही, तर ती चाचणी रद्द.

अ‍ॅव्हरेजचं काय?

शहरात पेट्रोल गाडीचा थ्रॉटल बहुतेक वेळ अर्धाही उघडा नसतो. हवा तुमचा पायच अडवत असतो, फिल्टर नव्हे. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये हेच तपासलं: आजच्या, कॉम्प्युटरच्या हिशेबाने इंधन फवारणाऱ्या इंजेक्शन गाड्यांत तुंबलेला फिल्टर बदलून अ‍ॅव्हरेज वाढलं नाही, वेग घ्यायला लागणारा वेळ मात्र ६ ते ११ टक्क्यांनी सुधारला. फिल्टर वेळेवर बदला, असं आम्ही म्हणतो ते त्यासाठी. आपल्याकडे बांधकामांची धूळ आहे, उन्हाळ्यात जास्तच. तेल लावलेला कापडी फिल्टर घेतलात, तर जादा तेल हवेच्या सेन्सरवर बसू शकतं, हेही ध्यानात ठेवा. गाडी वॉरंटीत असेल तर काही बसवण्याआधी शोरूमला विचारा.

चाचणीला येताना वस्तू पाकिटातच आणा, बसवू नका, आणि बिल जपून ठेवा; फरक आला नाही तर परत करता येईल का, ते दुकानदाराला आधीच विचारून या. गाडी आदल्या संध्याकाळी आणून सोडा, मे-जूनमध्ये आम्ही सकाळी साडेपाचला निघतो. सोबत बसायला तुम्ही स्वतः आलात तर उत्तम, नळीतलं पाणी तुमच्याच हातात देऊ.