जुन्या लष्करी संगिनी आणि सुऱ्यांचा संग्रह: परवाना, पात्रता आणि कागदपत्रे

जुनी लष्करी संगीन, म्हणजे रायफलीच्या नळीला जोडायचे पाते, संग्रहात ठेवायची असेल, तर दोन निरनिराळे कायदे त्याच वस्तूकडे दोन निरनिराळे प्रश्न घेऊन पाहतात, हे आधी लक्षात घ्यावे. शस्त्र अधिनियम १९५९ विचारतो की ही वस्तू शस्त्र आहे का, आणि पुरावस्तू व कलानिधी अधिनियम १९७२ विचारतो की ती किती जुनी आहे. दोन्ही प्रश्नांची उत्तरे बहुतांशी त्या संगिनीच्या पात्यावरच असतात, म्हणून अर्जाचा नमुना हाती घेण्याआधी वस्तूची ओळख पटवण्याचे काम पूर्ण करणे श्रेयस्कर ठरते.

भारतात जुन्या संग्रहांत आढळणारी १९०७ च्या नमुन्याची ब्रिटिश संगीन उदाहरणादाखल घेऊ. ली-एनफिल्ड रायफलीसाठी बनवलेल्या या संगिनीचे पाते १७ इंचांचे असते. मुठीलगतच्या सपाट भागावर एका बाजूला मुकुट, राजाची आद्याक्षरे, १९०७ हा आकडा, उत्पादनाचा महिना व वर्ष आणि निर्मात्याचे नाव असते, तर दुसऱ्या बाजूला सरकारी मालकीचा बाण आणि तपासनिसांच्या लहान खुणा असतात. येथे एक चूक वारंवार होते: १९०७ हे नमुना मंजूर झाल्याचे वर्ष आहे, संगीन घडवल्याचे नव्हे. घडवल्याची तारीख त्याखाली १० ’१६ अशा रीतीने कोरलेली असते आणि तिचा अर्थ ऑक्टोबर १९१६ असा होतो. सुरुवातीच्या संगिनींची मूठ आणि पाते यांमधली आडपट्टी हुकासारखी वळलेली असे; हा हुक १९१३ मध्ये रद्द झाला आणि वापरातल्या अनेक संगिनींवरूनही तो कापून टाकला गेला. त्यामुळे मूळ हुक असलेल्या संगिनींना मागणी जास्त असते आणि मागाहून हुक जोडून फसवणूकही होते, म्हणून सांध्याच्या जागी झाळकामाचा (धातू वितळवून जोडल्याचा) माग आहे का, हे भिंगातून पाहावे. आर.एफ.आय. अशी अक्षरे असतील, तर ती बंगालमधील इशापूर रायफल कारखान्याची खूण समजावी. पुढील काळात तेथे सुमारे १२ इंच पात्याच्या आखूड संगिनी तयार झाल्या.

ठसा पुसट असल्यास पाते घासू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. पॉलिश कागदाने घासलेल्या पात्यावरून तारीख कायमची जाते आणि तारखेबरोबर वय सिद्ध करण्याचा सर्वांत भक्कम पुरावाही जातो. अंधाऱ्या खोलीत विजेरीचा उजेड पात्याला जवळजवळ समांतर ठेवून छायाचित्र घेतले, की उथळ अक्षरेही सावलीमुळे उठून दिसतात. फार तर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिलीने ठसा उतरवून घ्यावा.

आता परवान्याकडे वळू. शस्त्र अधिनियमातील शस्त्राच्या व्याख्येत धारदार आणि इतर प्राणघातक हत्यारे येतात. केवळ घरगुती किंवा शेतीच्या उपयोगासाठी बनवलेल्या वस्तू तिच्यातून वगळल्या आहेत. शस्त्र नियम २०१६ च्या पहिल्या अनुसूचीतील पाचव्या प्रवर्गात तलवार, खंजीर, संगीन, भाला यांची नावेच दिली असून, ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्याही त्यात येतात. मात्र अग्निशस्त्राला सर्वत्र परवाना लागतो, तसे या प्रवर्गाचे नाही. शस्त्र अधिनियमाच्या कलम ४ नुसार केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचना काढून ज्या क्षेत्राला हे कलम लागू केले असेल, तेथेच अधिसूचनेत नमूद केलेली शस्त्रे मिळवण्यासाठी, बाळगण्यासाठी किंवा जवळ घेऊन फिरण्यासाठी परवाना आवश्यक होतो. म्हणून पहिली पायरी म्हणजे आपल्या जिल्ह्यातील स्थिती लेखी विचारणे होय. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात हा अर्ज आयुक्तालयाच्या परवाना शाखेकडे आणि अन्यत्र जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेकडे करावा, आणि पोचपावती जपून ठेवावी. तोंडी मिळालेल्या उत्तरावर संग्रह उभा करू नये.

याच अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये कालबाह्य किंवा पुरातन मूल्याच्या हत्यारांना सूट दिलेली आहे आणि अनेक संग्राहक तिच्यावर विसंबतात. परंतु त्या तरतुदीची भाषा अग्निशस्त्र म्हणून वापरता न येणाऱ्या हत्याराबद्दल आहे. धार शाबूत असलेल्या पात्याला ती आपोआप लागू होते असे गृहीत धरणे मला धोक्याचे वाटते. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागू असताना तलवारी, सुऱ्या यांसारखी हत्यारे जवळ बाळगून फिरण्यास बंदी असते, त्यामुळे प्रदर्शनाला संगीन नेण्याआधी तो आदेश पाहणे आवश्यक आहे.

परवाना लागत असेल, तर व्यक्तीसाठीचा अर्जाचा नमुना ए-१ भरावा लागतो. त्यासोबत पांढऱ्या पार्श्वभूमीवरील पासपोर्ट आकाराची छायाचित्रे, जन्मतारखेचा, ओळखीचा व निवासाचा पुरावा आणि नमुना एस-३ मधील वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे. नियमात मागितलेले नसले, तरी वस्तूचे टिपण जोडावे असे मी सुचवीन. त्यात पात्याची व एकूण लांबी, दोन्ही बाजूंच्या ठशांची छायाचित्रे, म्यानाची स्थिती, वस्तू कोणाकडून व केव्हा आली आणि ती कुलूपबंद कशी ठेवली जाईल हे लिहावे. वारशाने आली असल्यास कुटुंबातील ज्या व्यक्तीकडून ती आली तिचे नाव आणि सेवेची कागदपत्रे असल्यास त्यांच्या प्रती द्याव्यात. अर्जानंतर पोलीस ठाण्याचा अहवाल मागवला जातो आणि त्या चौकशीत हे टिपणच उपयोगी पडते. अर्ज नाकारल्यास कारणे लेखी नोंदवावी लागतात, आणि शस्त्र अधिनियमाच्या कलम १८ खाली अपील करता येते.

वस्तूने शंभर वर्षे ओलांडली, की दुसरा कायदा, म्हणजे पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, पुढे येतो. ऑक्टोबर १९१६ ची संगीन आज या वयात बसते. १९४० नंतरची इशापूरची संगीन बसत नाही. नोंदणीची सक्ती मुख्यतः शिल्पे, चित्रे आणि सचित्र हस्तलिखिते यांना आहे, म्हणून संगिनीची नोंदणी करावी लागत नाही. पण पुरावस्तूंचा विक्री-व्यवसाय करणाऱ्याला परवाना लागतो, आणि खासगी व्यक्तीला पुरावस्तू देशाबाहेर पाठवता येत नाही. तसे केल्यास ६ महिने ते ३ वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. शंभर वर्षांहून कमी वयाची वस्तू बाहेर न्यायची असल्यास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचे प्रमाणपत्र घ्यावे. वयाबद्दल वाद झाल्यास सर्वेक्षणाच्या महासंचालकांचा किंवा त्यांनी अधिकृत केलेल्या अधिकाऱ्याचा निर्णय अंतिम असतो. शस्त्र देशात आणण्यासाठी किंवा बाहेर नेण्यासाठी शस्त्र अधिनियमाच्या कलम १० खालीही परवाना लागतो, हे परदेशी लिलावात बोली लावण्याआधी ध्यानात ठेवावे.

संगीन जमिनीत पुरलेली सापडली, तर मार्ग वेगळा आहे. निखात निधी अधिनियम १८७८ नुसार दहा रुपयांहून अधिक मूल्याचा निधी, म्हणजे जमिनीत दडलेली मूल्यवान वस्तू, सापडल्यास त्याचे स्वरूप, अंदाजे किंमत, सापडल्याची जागा आणि तारीख जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावी लागते, आणि संगीन माती झटकून घरी आणण्याआधी जागेवरच छायाचित्र काढून ठेवावे.