गोठलेलं तळं माणसाला कसं पेलतं?

सोलापुरात आता गल्लीगल्लीतलं कुणी ना कुणी अमेरिकेत किंवा कॅनडात असतं. हिवाळ्यात आईवडील तिकडे गेले की मुलं त्यांना हौसेने गोठलेल्या तळ्यावर न्यायला बघतात. माझी मावशी सध्या अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात लेकीकडे आहे. लेक, जावई, नातू सगळे तळ्याच्या मध्यावर, आणि ही काठावर. फोनवर मला म्हणाली, "सिद्धेश्वर तळ्यावरून चाल म्हटलं तर चालशील का तू? पाणी ते पाणीच की! खाली चाळीस फूट खोल आहे म्हणे."

तिला सगळे एकच सांगत होते, "काही होत नाही, चल." मला हे उत्तर अजिबात पटत नाही. मावशीने नेमका प्रश्न विचारलाय, त्याला नेमकं उत्तर द्यायला हवं.

तळं वरून का गोठतं, हे शाळेत झालेलं आहे. पाणी ४ अंशाला सर्वांत जड असतं, त्याहून थंड पाणी वर राहतं आणि बर्फ पाण्यापेक्षा सुमारे ८ टक्के हलका म्हणून तरंगतो. पण तरंगणारा बर्फ माणसाला कसा पेलतो, हे शाळेत कुणी सांगत नाही, आणि खरी मजा तिथेच आहे.

मावशी बर्फावर उभी राहिली की तिच्या पायाखाली बर्फ किंचित वाकतो. त्याला ताटासारखा उथळ खोलगटपणा येतो. हा खळगा काही मीटर रुंद असतो, पण दहा सेंटीमीटर जाडीच्या चांगल्या बर्फात मध्यभागी त्याची खोली एक मिलिमीटरही भरत नाही. आता आर्किमिडीज आठवा. त्या खळग्याने जेवढं पाणी खाली सारलं, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका जोर पाणी वर लावतं. मावशी साठ किलोची, म्हणून खळगाही बरोबर साठ लिटरचा होतो. म्हणजे तिचं वजन शेवटी पाणीच उचलतं, आणि बर्फाचं काम ते वजन दूरवर पसरवण्याचं. हाइनरिश हर्ट्झने, तोच रेडिओलहरींवाला, १८८४ मध्ये तरंगत्या पत्र्याचं हे गणित सोडवलं होतं. ज्या पाण्याला मावशी घाबरते, तेच तिला तोलून धरतं. चाळीस फूट खोल असो की चार फूट, फरक पडत नाही. उलट धरणाचं पाणी उतरून बर्फाखाली पोकळी राहिली, तर तोच बर्फ जास्त धोक्याचा.

मग बर्फ मोडतो कधी? वाकताना त्याची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. बर्फ दाब बराच सोसतो, ताण मात्र फारसा सोसत नाही, म्हणून पहिली भेग खालून पडते. जाडी दुप्पट केली तर ताण वाटून घ्यायला बर्फ दुप्पट मिळतो, शिवाय वरच्या आणि खालच्या थरांतलं अंतर दुप्पट झाल्याने प्रत्येक थराची पकडही दुप्पट होते. दोन दुणे चार. भार जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात पेलला जातो तो यामुळे. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतले लॉर्न गोल्ड यांनी तिथल्या तळ्यांवरच्या नोंदी तपासून १९७१ मध्ये एक सोपं सूत्र मांडलं: सेंटीमीटरमधल्या जाडीचा वर्ग गुणिले साडेतीन, म्हणजे किलोतला भार. ५ सेंटीमीटरला ८७ किलो, १० ला ३५०, २० ला १४०० किलो. एकट्या माणसासाठी मिनेसोटा सरकार किमान ४ इंच, म्हणजे सुमारे १० सेंटीमीटर सांगतं, कॅनडात १५ सेंटीमीटर सांगतात. एवढी ढील ठेवतात कारण एकाच तळ्यावर जाडी जागोजागी बदलते. ओढा मिळतो तिथे, पुलाखाली, झऱ्यावर, लव्हाळ्याजवळ बर्फ पातळ असतो.

हा हिशेब स्वच्छ, काचेसारख्या बर्फाचा. आपल्या रसवंतीवर गोणपाटात गुंडाळलेली लादी टोच्याने फुटताना पाहा. कडेला ती आरपार दिसते आणि मध्ये दुधाळ असते. गोठणारा स्फटिक पाण्यात विरघळलेली हवा आत घेत नाही, पुढे ढकलतो. शेवटी गोठणाऱ्या गाभ्यात ती बुडबुडे होऊन अडकते. तळ्यावरही पांढरा बर्फ असतो, तो भिजलेलं हिम गोठून झालेला. त्यातही बुडबुडेच, म्हणून त्याची ताकद निम्मी धरतात.

मावशीला सर्वांत जास्त भिववलं ते आवाजाने. तापमान १० अंशांनी उतरलं तर किलोमीटरभर बर्फ सुमारे अर्धा मीटर आकसू पाहतो, तडकतो आणि गडगडतो. दुरून येणारा आवाज तर "प्यूं" असा येतो, कारण बर्फातून उंच स्वर आधी पोचतात आणि खर्ज मागून. हा आवाज जाड बर्फातही होतो. मात्र पायाशी नव्या भेगा फुटल्या किंवा पाणी वर आलं, तर आल्या पावली मागे फिरायचं.

निखाऱ्यांवरून चालवून "मनातली भीती काढून देतो" म्हणणारी शिबिरं आपल्याकडेही भरतात. निखारा उष्णता हळू देतो आणि पाऊल क्षणभरच टेकतं, म्हणून पाय वाचतो. मनोबलाचा त्यात काही वाटा नाही. "मनोबल असलं की झालं" ही शिबिरातली शिकवण घेऊन कुणी पातळ बर्फावर गेला तर जिवाशी गाठ आहे.

भीती उतरते ती पायरीपायरीने. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्ये सशाला घाबरणाऱ्या एका लहान मुलाची भीती घालवली. तो आवडीचं खात असताना ससा थोडाथोडा जवळ आणत गेल्या. मी मावसबहिणीला तेच सांगितलं. आधी काठावरून मासेमारांना बर्फात भोक पाडताना बघू दे. टेप आईच्याच हातात दे, जाडी तिनेच मोजू दे. बुटांना खिळ्यांचे पट्टे बांध, कारण त्या वयात घसरून मनगट किंवा खुबा मोडण्याची धास्ती खरी आहे. मग काठाजवळ एक पाऊल. छाती धडधडली तर लगेच पळायचं नाही, धडधड ओसरेपर्यंत तिथेच थांबायचं, कारण घाबरल्या क्षणी पळालं की भीती पक्की होते. पुढचं पाऊल कधी, हे आईने ठरवायचं. ओढायचं नाही.

बुडालंच कुणी तर काय, हेही आधी सांगून ठेवावं. उत्तर माहीत असलेला माणूस कमी गोंधळतो. पहिल्या मिनिटात फक्त श्वास सावरायचा. हातपाय नीट चालतात ती पुढची दहाएक मिनिटं. आलो त्याच दिशेला वळून, पाय मारत पोटावर बर्फावर सरकायचं आणि उभं न राहता लोळत लांब जायचं.

आणि वसंतात हे सगळं गणित बाद होतं. ऊन स्फटिकांच्या सांध्यांत शिरून बर्फाच्या उभ्या कांड्या सुट्या करतं. टेप फूटभर जाडी दाखवते, पण त्या बर्फात जोर उरलेला नसतो. तेव्हा मावशी काठावर थांबली, तर बरोबरच्यांनीही काठावरच थांबावं.