चाचणीची भाषा वेगळी का झाली?

सोलापूरच्या अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांसाठी आम्ही बिलिंगचं सॉफ्टवेअर करतो. प्रोग्राम जावा भाषेत आहे, त्याच्या चाचण्या, म्हणजे तो बरोबर चालतो का हे तपासणारे छोटे प्रोग्राम, ग्रूव्ही या दुसऱ्या भाषेत. टीममध्ये नवीन आलेलं पोरगं हमखास विचारतं, "दादा, दोन-दोन भाषा कशाला?"

ही वहिवाट जुनी आहे. १९८७ साली लॅरी वॉल यांनी पर्ल या भाषेची पहिली आवृत्ती दिली, तेव्हाच तिच्यासोबत पर्लमध्येच लिहिलेल्या चाचण्या होत्या. एकेक तपासणी 'ओके' किंवा 'नॉट ओके' एवढंच छापायची. पर्लच्या जगात तीच पद्धत अजून चालू आहे. १९९०मध्ये डॉन लिब्स यांनी टीसीएल भाषेवर 'एक्स्पेक्ट' हे साधन उभारलं. प्रोग्राम प्रश्न विचारतो, माणसाऐवजी स्क्रिप्ट उत्तर देते आणि पुढे काय छापून यायला हवं त्याची वाट बघते. त्याच्याच आधारावर 'डेजाग्नू' हे चाचण्या चालवण्याचं साधन आलं आणि जीसीसीसारखा अवाढव्य कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत आणणारा प्रोग्राम, त्यावर तपासला जाऊ लागला. एसक्यूलाइट हा डेटाबेस सी भाषेतला, पण त्याच्या सगळ्यात जुन्या चाचण्या टीसीएलमध्ये आहेत. म्हणजे मूळ काम एका भाषेत आणि तपासणी दुसऱ्या भाषेत, यात नवल काहीच नव्हतं.

जावावाल्यांना हे थोडं उशिरा सुचलं. १९९७मध्ये केंट बेक आणि एरिक गामा यांनी जेयुनिट हे जावातल्या चाचण्यांचं साधन लिहिलं आणि चाचणीची सवय लावली. तो उपकार मोठाच. पण दोन आकडे तपासायचे तरी क्लास (जावातला कोडचा साचा) लिहा, टाइप (प्रत्येक किंमत कोणत्या प्रकारची ते) सांगा, कंपाइल करा. कामाच्या घाईत अशी चाचणी 'उद्या लिहू'वर जाते, आणि तो उद्या येत नाही. त्याच सुमारास जिम ह्युगुनिन यांनी जेपायथन, म्हणजे जावावर चालणारी पायथन भाषा, आणलं, २००३मध्ये ग्रूव्ही सुरू झाली. दोन्हींतून जावाचे क्लास थेट वापरता येतात. पुढे ग्रूव्हीवर 'स्पॉक' हे चाचण्यांचं साधन आलं आणि चाचणीत चक्क तक्ता मांडता येऊ लागला.

आमचा तक्ता असा: वजन, किलोचा दर, अपेक्षित रक्कम. साडेबारा किलो टॉवेल, ४०५ रुपये दर, म्हणजे ५०६२ रुपये ५० पैसे, पूर्णांकात ५०६३. खाली परत आलेल्या मालाची ओळ घातली, तेच आकडे, फक्त वजन उणे. उत्तर आलं उणे ५०६२! जावाचं 'मॅथ.राउंड' हे पूर्णांक करणारं फंक्शन बरोबर अर्ध्यावरचा आकडा नेहमी वरच्या बाजूला नेतं, उणे असला तरी. माल अख्खा परत आला, तरी पार्टीच्या खात्यावर एक रुपया बाकी राहत होता. ती ओळ लिहायला अर्धं मिनिटही लागलं नव्हतं. तेवढीच जावात लिहायची असती तर मी ती टाळली असती, हे मला पक्कं माहीत आहे.

ग्रूव्हीसारख्या भाषांची किंमतही मोजावी लागते. नावाची चूक कंपाइल करताना पकडली जात नाही, चाचणी चालवल्यावरच कळते. म्हणून मूळ बिलाचा हिशोब आम्ही जावातच ठेवला.

परवा कारखान्याच्या दिवाणजींना तो तक्ता स्क्रीनवर दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, ओळी वाचल्या आणि म्हणाले, "ह्यात बारदानाचं वजन वजा केलेली एक ओळ टाका की." तिथंच टाकली.