आपत्कालीन श्वसनमार्ग व्यवस्थापनाचे सिम्युलेशन प्रशिक्षण

बेशुद्ध किंवा श्वास बंद पडलेल्या रुग्णाचा श्वसनमार्ग मोकळा करणे, मास्क व बॅगने प्राणवायू देणे, श्वासनलिकेत नळी टाकणे आणि तेही न जमल्यास गळ्याला पुढून छेद देऊन वाट करणे, ही कामे नव्या निवासी डॉक्टरांकडून आधी मॅनिकिनवर (सरावासाठीच्या मानवी पुतळ्यावर) करवून घेण्याची पद्धती. भूलशास्त्र, आपत्कालीन वैद्यक व अतिदक्षता या शाखांत ती रूढ आहे.

उगमाबद्दल एकमत नाही. काही जण नॉर्वेतील खेळणी-उत्पादक ऑस्मुंड लेर्डाल यांच्या ‘रेसुसि ॲन’ या सरावाच्या बाहुलीपासून (1960) आरंभ धरतात. मान मागे केल्याशिवाय तिच्या छातीत हवा जात नसे, हे खरे. पण ती तोंडाने श्वास देण्याच्या सरावासाठी होती. निवासी डॉक्टरांना इंट्युबेशन (श्वासनलिकेत नळी टाकणे) शिकवण्याच्या हेतूने बनलेले पहिले यंत्र म्हणून लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातील ‘सिम वन’चा दावा अधिक सबळ दिसतो. साधारण 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथील एब्रहॅमसन व डेन्सन यांनी ते एरोजेट कंपनीच्या अभियंत्यांकडून करवून घेतले. संगणकावर चालणाऱ्या या पुतळ्याचा जबडा हले, डोळ्यांतील बाहुल्या आकुंचन पावत. खर्चामुळे त्याचा प्रसार मात्र झाला नाही.

कॉर्मॅक व लेहेन या भूलतज्ज्ञांचा 1984 चा लेख आज स्वरयंत्र किती दिसते याच्या चार श्रेणींसाठीच सांगितला जातो. त्यातली सरावाची सूचना मागे पडली: नेहमीच्या, सोप्या रुग्णात लॅरिंगोस्कोपचे (स्वरयंत्र पाहण्याच्या उपकरणाचे) पाते मुद्दाम खाली सोडायचे, एपिग्लॉटिसआड (स्वरयंत्रावरच्या झाकणाआड) स्वरतंतू झाकले जाऊ द्यायचे आणि तशा स्थितीत नळी घालायची. हेही सिम्युलेशनच, फक्त जिवंत माणसावर केलेले. संघकार्याचे अंग नंतर, 1980 च्या दशकाच्या अखेरीस स्टॅनफर्ड येथे भूलतज्ज्ञ डेव्हिड गाबा यांच्या कामातून आले. त्याचा नमुना विमानचालनातला होता.

मॅनिकिनवर हात किती तयार होतो, याविषयी संयम बरा. प्लास्टिकची जीभ ताठ असते, नळीला सिलिकॉन फवारावे लागते, रक्त-उलटी नसते. कोनराड व सहकाऱ्यांच्या 1998 च्या अभ्यासात 90 टक्के यशासाठी सरासरी 57 इंट्युबेशन लागली, तीही शस्त्रक्रियागृहातील रुग्णांवर. पात्याची तरफ करून वरच्या दातांवर भार देण्याची खोड पुतळ्यावर मोडता येते. मोठा लाभ निर्णयाचा आहे. नळी जात नाही, मास्कनेही प्राणवायू पोहोचत नाही, अशा वेळी प्रयत्न थांबवून छेद घ्यावा लागतो. ब्रिटनच्या डिफिकल्ट एअरवे सोसायटीच्या 2015 च्या सूचनांत लॅरिंगोस्कोपीचे प्रयत्न तीन, अधिक अनुभवी डॉक्टर आल्यास आणखी एक, अशी मर्यादा आहे. पुढे छेदासाठी शस्त्रक्रियेच्या सुरीचे 10 क्रमांकाचे पाते, बुजी (नळीला वाट दाखवणारी लवचीक कांडी) व 6 मिमीची नळी. हा छेद कित्येक डॉक्टरांना उभ्या कारकिर्दीत घ्यावा लागत नाही, म्हणून त्याचा सराव मॅनिकिनवर किंवा प्राण्याच्या स्वरयंत्रावरच होतो.

भारतात आपत्कालीन वैद्यकाला 2009 मध्ये पदव्युत्तर शाखा म्हणून मान्यता मिळाली. ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशनच्या 2016 च्या सूचना प्रशिक्षणात आधारभूत धरल्या जातात. 2019 पासूनच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात स्किल लॅबला (कौशल्य-सरावाच्या प्रयोगशाळेला) स्थान आहे.