पार्श्वभूमी : छातीत दुखतंय, न्यायचं कुठे?

चालताना छाती आवळते, थांबलं की बरं वाटतं. हृदयविकाराच्या या लक्षणाचं नेमकं वर्णन लंडनमधल्या एका डॉक्टरांनी १७६८ मध्ये मांडलं. त्यानंतर दोन शतकं लक्षण ओळखूनही हाती फारसं काही नव्हतं. १९८० च्या दशकात हृदयाच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारी इंजेक्शनं रुळली आणि दुखणं किती वाजता सुरू झालं, या प्रश्नाला किंमत आली. झटका सुरू झाल्यापासून १२ तासांपर्यंत इंजेक्शन देता येतं. खरा फायदा पहिल्या दोन-तीन तासांत.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात यातला बराच वेळ घरातच जातो. डावा हात, जबडा किंवा पाठ भरून येते, दरदरून घाम फुटतो. मधुमेहींना आणि बायकांना कधी नुसतीच मळमळ किंवा दम लागतो. पित्त म्हणून सोडा पाजला जातो. उरलेला वेळ रस्त्यात जातो. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव जवळपास दुप्पट. खानापूरच्या जंगलपट्टीत तर पावसाळ्यात गाडी दारापर्यंत पोचेलच असं नाही.

गाजली मात्र योजना. २०२३ मध्ये महाराष्ट्राने आपली मोफत उपचारांची योजना दावा सांगितलेल्या ८६५ गावांना लागू केली. आमच्या हद्दीत दुसऱ्या राज्याची योजना कशी, असा कर्नाटकाचा सवाल. २०२४ च्या सुरुवातीला बेळगाव भागातली नोंदणी केंद्रं बंद पाडण्यात आली. पिढ्यान्‌पिढ्या मिरज-कोल्हापूरला उपचारांना जाणाऱ्या माणसाने तिथलं कार्ड मागितलं, त्यात गैर काय होतं? पण हेही खरं की असं कार्ड अँजिओप्लास्टी किंवा बायपासच्या बिलाला उपयोगी. पहिल्या तासात हवा असतो जवळचा ईसीजी.

तो देणारी कर्नाटकाची योजना त्याच सुमारास आली. एका लोकप्रिय कन्नड अभिनेत्याचं ऑक्टोबर २०२१ मध्ये, वयाच्या ४६ व्या वर्षी हृदयविकाराने निधन झालं होतं. योजनेला नाव त्यांचंच. तालुका रुग्णालयात काढलेला ईसीजी दूरचे तज्ज्ञ वाचतात आणि हजारो रुपयांचं इंजेक्शन फुकट मिळतं. सीमावादाच्या बातम्यांत तिला जागा मिळाली नाही.

२०२५ च्या जून-जुलैमध्ये कर्नाटकातल्या हासनमध्ये हृदयविकाराने झालेल्या मृत्यूंच्या बातम्यांनी घबराट पसरली आणि बेंगळुरू-म्हैसूरच्या हृदयरुग्णालयांत तपासणीला रांगा लागल्या. त्रास नसलेलेही त्यात होते. झटका सुरू असतानाही पहिला ईसीजी नॉर्मल येऊ शकतो. दुखणं थांबत नसेल तर तो थोड्या वेळाने पुन्हा काढतात, हृदयाच्या स्नायूला इजा झाली का हे दाखवणारी रक्ताची ट्रोपोनिन चाचणीही करतात.